मागच्या भागात तर मेला होता ना हा? विज्ञानमालिका बघताना असे प्रश्न पडतातच.

काकांनी पॉज दाबलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि टीव्हीच्या अगदी नाकाशी जाऊन उभे राहिले. पडद्यावर कबरीवरचा दगड होता. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या सीझनमधला, १९६६ सालचा भाग. गॅरी मिचेल नावाच्या माणसाला अचाट शक्ती मिळते आणि तो आपल्याच कॅप्टनसाठी कबर तयार करतो, तो प्रसंग. दगडावर कोरलं होतं : जेम्स आर. कर्क.

"आर?" काका म्हणाले. "अगं, हा टी ना? जेम्स टी. कर्क?"

पुढचा पाऊण तास मालिका इंचभर हलली नाही. ऐरोलीहून आलेला मित्र म्हणाला, सरळ चूक आहे, सोडा. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, समांतर विश्व असणार. मी ठामपणे सांगितलं, की याचं उत्तर कुठल्याशा मुलाखतीत वाचलंय. कुठल्या, ते मात्र काही केल्या आठवेना. चहा दोनदा झाला, मित्राची ट्रान्स-हार्बरची गाडी चुकली आणि थडगं तसंच पडद्यावर गोठून राहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी ठाण्याच्या गोखले रोडवरून एक जाड लाँगबुक आणलं. नौपाड्यातल्या आमच्या बैठकीची पद्धत त्या वहीतून हळूहळू घडत गेली. तुम्हीही विज्ञानमालिका चार डोकी जमवून बघत असाल, तर ती तुमच्या कामी येईल. विसंगती कुणालाही सापडते. ती चूक आहे, मागाहून केलेली सारवासारव आहे की लेखकाने मुद्दाम पेरलेली खूण आहे, हे ठरवताना खरी कसोटी लागते. आणि ते ठरवायला बसलं की कुणीतरी कलाकाराची मुलाखत पुढे करतोच. ती किती वजनाची धरायची, हेही आलं पाहिजे.

आधी क्रम लावा

भागावर कुठलाही शिक्का मारण्याआधी तो कितवा, ते बघा. पोरकट वाटेल, पण आमची निम्मी भांडणं इथेच मिटली. एका मालिकेला तीन क्रम असू शकतात : चित्रीकरणाचा, प्रक्षेपणाचा आणि गोष्टीतल्या काळाचा.

कर्कचाच भाग घ्या. 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा मालिकेचा दुसरा पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायला केलेला नमुन्याचा भाग. 'द मॅन ट्रॅप'च्या आधी चित्रित झालेला. पण टीव्हीवर 'द मॅन ट्रॅप' पहिला आला, ८ सप्टेंबर १९६६ला, आणि हा पायलट तिसरा, २२ सप्टेंबरला. त्यामुळे डॉक्टर मॅकॉयची ओळख झालेल्या प्रेक्षकाला तिसऱ्या आठवड्यात जहाजावर भलताच डॉक्टर दिसला, अंगावरचे गणवेशही निराळे. चित्रीकरणाच्या क्रमाने लावून बघा. डॉक्टरचं, गणवेशाचं आणि त्या 'आर'चं कोडं एकदमच सैल पडतं, कारण तेव्हा मालिकाच अजून ओल्या मातीची होती.

'फायरफ्लाय'चं तर याहून वाईट झालं. २००२ साली अमेरिकेतल्या वाहिनीने दोन तासांचा पहिला भाग बाजूला ठेवून 'द ट्रेन जॉब' आधी दाखवला आणि पात्रांची ओळख करून देणारा तो पायलट २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी. तयार झालेल्या १४ भागांपैकी तेव्हा ११च दाखवले गेले. त्या क्रमाने बघणाऱ्याला पात्रं एकमेकांशी अशी का वागतात, हे कळणार कसं? त्याने काढलेल्या बऱ्याचशा 'चुका' वेळापत्रकाच्या होत्या, लेखकाच्या नव्हत्या.

म्हणून वहीच्या डाव्या समासात दोन आकडे लिहायचे. वर प्रक्षेपणाचा, खाली चित्रीकरणाचा. जुन्या मालिकांच्या भागांच्या याद्यांमध्ये 'प्रॉडक्शन कोड' असा रकाना असतो, त्यावरून दुसरा आकडा मिळतो. ओटीटीवर जो क्रम दिसतो तोच बरोबर, असं धरून चालू नका. बघायला बसण्यापूर्वी एकदा ताडून घ्या.

आवृत्तीचीही नोंद करा. जुन्या 'स्टार ट्रेक'चे भाग २००६पासून नव्याने सफाई करून आणि अवकाशातली दृश्यं संगणकावर पुन्हा बनवून आले. काका जुन्या डीव्हीडीवरचा भाग बघून आलेले आणि मित्र नव्या आवृत्तीवरचा. जहाज ग्रहाभोवती कसं फिरतं, यावर दोघं अर्धा तास भांडले. दोघंही खरं बोलत होते.

पडद्यावर ऐकू येणाऱ्या तारखांवर जास्त विसंबू नका. जुन्या 'स्टार ट्रेक'मधल्या स्टारडेटना फारसा क्रम नाही. १९८७पासूनच्या 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये मात्र शिस्त आहे : ४१ने सुरू होणारा आकडा म्हणजे पहिला सीझन, ४२ म्हणजे दुसरा, असं पुढे. तिथे तारखेवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

रोजकीर्द आणि खतावणी

काकांची अख्खी नोकरी बँकेत गेली. ते म्हणाले, "तुम्ही सगळं एकाच पानावर खरडताय, म्हणून काही सापडत नाही. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी." हे वाक्य आमच्या बैठकीतलं सगळ्यात उपयोगी निघालं.

रोजकीर्द म्हणजे भाग बघताना, जसं दिसेल तसं, त्याच क्रमाने लिहायचं. भाग, मिनिट-सेकंद, काय दिसलं किंवा कोण काय म्हणालं. संवाद असेल तर शब्द न शब्द. आपलं मत पेनाने लिहायचं नाही. मत, शंका, अंदाज सगळं पेन्सिलने. हा नियम मोडला की सहा महिन्यांनी आपलीच नोंद आपल्याला पुरावा वाटू लागते.

खतावणी भाग संपल्यावर, निवांत. तिथे खातं उघडायचं : एका पात्राचं, एका जहाजाचं, एखाद्या यंत्राच्या नियमाचं, कुणाच्या वयाचं. रोजकीर्दीतल्या नोंदी त्या त्या खात्यात उतरवायच्या. विसंगती अशीच दिसते. भाग बघताना ती निसटून जाते, कारण दोन नोंदींमध्ये दोन वर्षांचं अंतर असतं. खात्यात त्या खालीवर येतात आणि एकमेकींकडे बघायला लागतात.

काकांचं लाडकं खातं 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' या मालिकेतल्या टॉर्पेडोंचं. जहाज घरापासून इतकं दूर फेकलं गेलंय, की रसद मिळायची सोय नाही. पहिल्याच सीझनमध्ये, १९९५ सालच्या 'द क्लाउड' भागात सांगितलं जातं, की ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि नवीन आणायचा मार्ग नाही. झाली आरंभीची शिल्लक! काकांनी जमेला ३८ मांडले आणि दर भागात उडालेला प्रत्येक टॉर्पेडो खर्ची टाकत गेले. मालिका चालली सात सीझन. शिल्लक उणे व्हायला त्यांची वाट बघावी लागली नाही. "बँकेत असा ओव्हरड्राफ्ट दिला असता तर माझी चौकशी लागली असती," असं ते दर दोन भागांनी म्हणतात. आम्हाला आता पाठ झालंय.

बोलणाऱ्याची बाजूही लिहा. पात्र खोटं बोलू शकतं, विसरू शकतं, ऐकीव सांगू शकतं. पडद्यावर घडताना दिसलेलं आणि पात्राने सांगितलेलं, यांना दोन वेगळी चिन्हं ठेवा. आम्ही डोळा आणि कान काढतो. डोळ्याची नोंद कानाच्या नोंदीपेक्षा भारी, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

कुठल्या खणात टाकायची

विसंगती सापडली, आता काय? आमच्याकडे खण पडलेत. सगळे सारख्या महत्त्वाचे नाहीत.

पहिला खण सेटवरच्या गडबडीचा. ग्लासातलं पाणी एका शॉटमध्ये अर्धं, पुढच्यात भरलेलं. जखम आधी डावीकडे, मग उजवीकडे. आमच्यातल्या एकीने काही वर्षं घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मराठी मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम केलंय. ती सांगते, एका दिवाणखान्याचं लायटिंग लागलं, की तीन वेगवेगळ्या भागांतले त्या दिवाणखान्यातले सगळे प्रसंग एका दिवसात उरकतात. नायिकेची टिकली, घड्याळ, पदर कुठल्या खांद्यावरून किती खाली, याचे फोटो ती मोबाइलमध्ये ठेवायची. जेवणाच्या सुट्टीनंतर मेकअपवाल्या दादांनी टिकलीचा आकार बदलला, तर तीन भागांची वाट लागते. विज्ञानमालिकेचं चित्रीकरणही याच जातीचं. तिथे टिकलीच्या जागी कपाळावर रबराचे उंचवटे असतात. या खणातल्या नोंदी आम्ही मोजतो, हसतो आणि सोडून देतो. यावरून कुणी सिद्धांत मांडायला लागलं, की ती मैत्रीण फक्त हात जोडते.

दुसरा खण लिहिणाऱ्यांच्या विसराळूपणाचा. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये विल नावाच्या मुलाचा वाढदिवस २२ मार्च, हे दुसऱ्या सीझनमध्ये त्याची आईच सांगते. २०२२मध्ये आलेल्या चौथ्या सीझनमध्ये गोष्ट २२ मार्चला घडते, विल समोर आहे आणि एकालाही वाढदिवस आठवत नाही. प्रेक्षकांनी पुष्कळ अर्थ काढले : विल किती एकटा पडलाय, बघा. नंतर मालिकेचे कर्ते डफर बंधू मुलाखतीत म्हणाले, की ते विसरले होते. जुन्या भागातला महिना बदलून टाकायचा विचारही त्यांनी बोलून दाखवला. आपण भाग कुठल्या तारखेला बघितला, हे रोजकीर्दीत लिहायचं ते यासाठीच. ओटीटीवरचा भाग उद्याही तोच असेल, याची हमी कुणी दिलेली नाही.

तिसरा खण, नियम ठरण्याआधीचा. 'नेक्स्ट जनरेशन'मधला अँड्रॉइड डेटा इंग्रजीतली जोडरूपं वापरू शकत नाही, म्हणजे 'आय अ‍ॅम' म्हणेल, 'आय'म' म्हणणार नाही. हा नियम १९८८च्या 'डेटालोअर' भागात ठसवला गेला. त्याआधीच्या भागांत तो खुशाल जोडरूपं वापरतो. आणि गंमत म्हणजे 'डेटालोअर'च्याच शेवटी त्याच्या तोंडी 'आय'म फाइन' आहे! कर्कचा 'आर' आम्ही तात्पुरता याच खणात टाकला होता.

चौथ्या खणात मागाहून दिलेले खुलासे, म्हणजे रेटकॉन. याचं अभिजात उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांची कपाळं. साठच्या दशकात पैसे कमी, क्लिंगॉन म्हणजे भुवया आणि दाढी. १९७९च्या चित्रपटात त्यांना कपाळावर हाडांचे कंगोरे आले. सतरा वर्षं कुणी काही बोललं नाही. १९९६मध्ये 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेची मंडळी कालप्रवास करून साठच्या दशकातल्या एका भागात शिरतात, सपाट कपाळाचे क्लिंगॉन बघून सगळे आपल्यातल्या क्लिंगॉनाकडे, वॉर्फकडे, वळतात, आणि तो एवढंच सांगतो की परक्यांशी आम्ही या विषयावर बोलत नाही. माझ्या मते तिथे थांबायला हवं होतं. पण २००५मध्ये 'एंटरप्राइज'ने दोन भाग खर्चून जनुकीय विषाणूचं सविस्तर कारण दिलं. खातं जुळलं खरं, विनोद मात्र गेला. काकांचं मत नेमकं उलट आहे. त्यांना जुळलेलं खातं विनोदापेक्षा प्यारं.

कधी कधी खुलासा देणं कुणालाच जमत नाही. 'डॉक्टर हू' ही डॉक्टर नावाच्या कालप्रवाशाची ब्रिटिश मालिका. तिच्या १९७५ सालच्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मध्ये त्याच्यासोबत फिरणारी सारा जेन आपण १९८० सालातून आलो असं म्हणते. १९८३च्या 'मॉड्रिन अनडेड'मध्ये मात्र युनिट या लष्करी संघटनेचे ब्रिगेडियर १९७७ सालीच निवृत्त होऊन शाळेत शिकवताना दिसतात. म्हणजे युनिटच्या गोष्टी सत्तरच्या दशकात घडल्या की ऐंशीच्या? २००८मध्ये खुद्द डॉक्टरच म्हणतो, की मी त्यांच्यासाठी सत्तरच्या दशकात काम करायचो, की ऐंशीच्या होतं? लेखकांनी हात वर केले, तेही झोकात.

शेवटचा खण मुद्दाम पेरलेल्या खुणांचा. वही याच्यासाठी पोसायची.

'डॉक्टर हू', २०१० सालचा सीझन, पाचवा भाग, 'फ्लेश अँड स्टोन'. एमी ही तेव्हाची डॉक्टरची सहप्रवासी. आमच्या रोजकीर्दीत त्या कॉलेजातल्या मुलीच्या अक्षरात अशी नोंद आहे : "दगडी देवदूतांनी डॉक्टरचा कोट धरला, तो कोट त्यांच्या हातात सोडून निसटला. आता नुसता शर्ट. एमी जंगलात डोळे मिटून बसलीय. डॉक्टर तिला सोडून गेला. लगेच परत आला. तिचे हात धरले. तू सात वर्षांची असताना मी काय सांगितलं ते आठव, म्हणाला. बाही कोटाची!!" आणि खाली पेन्सिलने : "चूक?"

आमच्या सेटवाल्या मैत्रिणीने बघताक्षणी सांगितलं, "कोट परत घालून तो सीन घेतलाय, दुसऱ्या दिवशी. घोडबंदरला माझ्या हातून झालं असतं तर मला घरी पाठवलं असतं." आम्ही पहिल्या खणात टाकून मोकळे होणार, तोच मुलगी हटून बसली. तिचा मुद्दा कोटाचा नव्हताच. तिचं म्हणणं : याचा स्वर बघा ना. आत्ता घाईत ओरडत होता आणि आता एवढा हळवा कसा झाला? आणि सात वर्षांची असतानाचं काय ते, त्याचा या भागात काही संबंधच नाही.

तेराव्या भागात, 'द बिग बँग'मध्ये, डॉक्टर आपल्याच आयुष्यात मागे मागे ओढला जातो आणि त्या जंगलात, कोट घातलेला, एमीसमोर येऊन उभा राहतो. तो दुसरा डॉक्टर होता. पुढून मागे आलेला. मैत्रिणीने उठून मुलीला टाळी दिली. काकांनी पेन्सिलीतलं 'चूक?' खोडून पेनाने तारीख घातली.

त्यातून निघालेली कसोटी अशी. विसंगती एकटी आहे, की तिच्यासोबत आणखी काही हललंय? चूक असते तेव्हा नुसता कोट बदलतो. खूण असते तेव्हा कोटाबरोबर स्वर बदलतो, संवादात एक न लागणारा धागा राहतो आणि कॅमेरा गरजेपेक्षा क्षणभर जास्त रेंगाळतो. शिवाय त्या गोष्टीच्या जगात ते शक्य करणारं यंत्र आधीच आहे का, बघा. कालप्रवासाच्या मालिकेत दोन डॉक्टर शक्य आहेत. पोलीस मालिकेत बदललेला कोट म्हणजे बदललेला कोटच.

चेहऱ्यांचं प्रकरण वेगळं. २००८मधल्या 'द फायर्स ऑफ पॉम्पेई' या एकाच भागात कॅरन गिलन आणि पीटर कपाल्डी दोघंही वेगळ्याच भूमिकांत आहेत. ती २०१०मध्ये एमी झाली, तो पुढे खुद्द डॉक्टर. तिच्या चेहऱ्याबद्दल मालिका गप्प राहिली. त्याच्या चेहऱ्याचं कारण २०१५मध्ये गोष्टीतच दिलं. एकाच भागातल्या दोन नोंदी, एक या खणात, दुसरी त्या.

मुलांची वयं तर सरळ माफ करून टाका. 'स्ट्रेंजर थिंग्ज'ची मुख्य गोष्ट १९८३ ते १९८७, चार वर्षांची. पडद्यावर यायला लागली २०१६ ते २०२५, नऊ वर्षं. पोरं वाढणारच.

मुलाखत हातात आली की

इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय, म्हणून जरा सविस्तर.

एका मालिकेच्या दोन सीझनच्या मधल्या काळात मला चाळीस सेकंदांची क्लिप मिळाली. मेलेल्या पात्राचा नट हसत हसत सांगतोय, की परत येतोय. मी ती दुपारी ऑफिसातून ग्रुपवर टाकली, वर लिहिलं : घ्या पुरावा. रविवारी काकांनी विचारलं, "पावती कुठेय?" म्हणजे मूळ मुलाखत, तारीख, प्रश्न. माझ्याकडे काहीच नव्हतं. मुलीने दहा मिनिटांत शोधून काढलं. मुलाखत दोन वर्षं जुनी, पहिल्या सीझनच्या वेळची, आणि प्रश्न होता की सुट्टीनंतर सेटवर कधी परतणार. मागच्या भिंतीवर पहिल्या सीझनचं पोस्टर माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून कुठलीही मुलाखत वहीत घेण्याआधी आम्ही पूर्ण लांबीची शोधतो. प्रश्न ऐकतो. मागचं पोस्टर, केसांची ठेवण, दाढी बघतो. नट दुसऱ्या भूमिकेसाठी केस वाढवत असतो, त्यावरूनही काळ कळतो. आपोआप उमटणाऱ्या सबटायटलवर तर कधीच जात नाही. पात्रांची नावं त्यात काहीची काही होतात.

मग भाषा. 'आय वुड लव्ह टू कम बॅक' याचा अर्थ 'बोलावलं तर आवडेल'. आपल्याकडच्या मथळ्यात तेच 'मी परत येतोय' होऊन येतं. वुड, माइट, होप या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय ठेवा. निम्म्या अफवा त्या रेघांवरच विरतात.

त्यानंतर विचारायचं : हे बोलला तेव्हा माणसाने किती वाचलं होतं? भाग येण्याआधीच्या प्रसिद्धीच्या फेऱ्यांत नट एका खोलीत बसलेले असतात, पत्रकार एकामागून एक येतात, प्रत्येकाला काही मिनिटं. प्रश्न तेच, म्हणून उत्तरंही तीच. शिवाय गुप्ततेच्या करारावर सह्या झालेल्या असतात. अशा मुलाखतीतून गोष्टीचा अंदाज बांधणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरून संसाराचा अंदाज बांधणं. सीझन संपल्यानंतरच्या मुलाखती जास्त मोकळ्या, आणि दहा-वीस वर्षांनी संमेलनात मारलेल्या गप्पा सगळ्यात मोकळ्या. पण तोवर आठवणींवर साय धरलेली असते.

२०२३च्या मुलाखती शोधताना एक खाच ध्यानात ठेवा. हॉलिवुडच्या नटांचा संप १४ जुलै ते ९ नोव्हेंबर चालला आणि त्या काळात त्यांना संपाच्या कक्षेतल्या मालिका-चित्रपटांची प्रसिद्धी करायला मनाई होती. 'असोका' आणि 'लोकी'चा दुसरा सीझन त्याच काळात आले. त्या आठवड्यांतली 'ताजी मुलाखत' म्हणून कुणी काही पुढे केलं, तर आधी तारीख विचारा.

कोण बोलतंय यावरही वजन बदलतं. नटाने सेटवर स्वतः अनुभवलेलं सांगितलं, उदाहरणार्थ एखादा प्रसंग चित्रित झाला पण कापला गेला, तर ते आम्ही पेनाने लिहितो. आपल्या पात्राने असं का केलं, यावर तो बोलला तर पेन्सिलने, आदराने. पुढे काय होणार यावर बोलला तर लिहीतच नाही. शोरनरचं, म्हणजे मालिकेच्या मुख्य कर्त्याचं, वजन नटापेक्षा जास्त, पण तोही मत बदलतो. पडद्यावर जे आलं ते या सगळ्यांच्या वर.

गमतीत बोललेलं वेगळं काढा. 'स्टार ट्रेक'च्या १९६७मधल्या 'स्पेस सीड' भागात खान हा खलनायक पहिल्यांदा आला, तेव्हा जहाजावरचा अधिकारी चेकॉव्ह मालिकेत दाखलच झालेला नव्हता. तो आला दुसऱ्या सीझनपासून. पण १९८२च्या चित्रपटात खान त्याला बघताच ओळखतो. चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर कोनिग चाहत्यांना सांगायचे, की चेकॉव्ह तेव्हा जहाजावरच होता, नुसता शौचालय अडवून बसला होता आणि बाहेर खान ताटकळत होता. काय खुलासा आहे! पण तो विनोद आहे. वहीत त्याला पान द्या, खातं देऊ नका.

आणि एक गोष्ट 'बॅबिलॉन फाइव्ह'ची. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची गोष्ट आधी आखून लिहायला घेतलेली मालिका, १९९४ ते १९९८. पहिल्या सीझननंतर कमांडर सिंक्लेअर, म्हणजे मायकेल ओहेअर, मालिकेतून गेले आणि नवा कॅप्टन आला. खरं कारण ओहेअर यांचं मानसिक आजारपण होतं, आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत ते बाहेर सांगायचं नाही, असं दोघांत ठरलं होतं. ओहेअर २०१२मध्ये गेले. स्ट्रॅझिन्स्कींनी २०१३मध्ये ते जाहीरपणे सांगितलं. एवढी वर्षं चाहते जुन्या मुलाखतींतल्या शब्दांवरून तर्क करत होते. त्यानंतर आमच्या वहीत एक नियम आला, काकांच्या अक्षरात : माणूस का गेला, हे खातं उघडायचं नाही. त्याच्या जाण्याने गोष्ट कशी वळली, तेवढंच लिहायचं. सिंक्लेअर तिसऱ्या सीझनमध्ये येऊन आपलं वर्तुळ कसं पुरं करतो, हे लिहायला तर चार पानं लागली.

रविवारची बैठक

वेळेचं आधी. नेटफ्लिक्सवरचे पुष्कळ भाग कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री येतात, म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे दुपारी साडेबारा, एरवी दीड. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पाचव्या सीझनचा पहिला टप्पा मात्र आपल्याकडे २७ नोव्हेंबर २०२५ला सकाळी साडेसहाला आला. ऑफिसात असणाऱ्यांचा आणि घरी असणाऱ्यांचा काळ इथेच फाटतो. आमचा करार : रविवारपर्यंत ग्रुपवर अवाक्षर नाही. डोळे मोठे केलेला इमोजीसुद्धा नाही. त्यावरून मित्राने एकदा ऐरोली ते ठाणे एवढ्या प्रवासात अख्खा शेवट ओळखला होता.

बैठकीचा पहिला अर्धा वेळ फक्त पडद्यावरचा. मुलाखतीचं नाव काढायचं नाही. नट काय म्हणाला ते कानावर पडलं, की मग माणूस तेच शोधत भाग बघतो, आणि त्याला तेच सापडतं. दुसऱ्या अर्ध्यात मुलाखती.

बोलायची रीतही ठरलेली आहे. "कुठेतरी म्हणाला होता" चालत नाही. भाग सांगा, मिनिट सांगा, मग बोला. मिनिट सापडेपर्यंत पुढच्याने बोलायचं. सुरुवातीला वरातीसारखा वेळ जातो, पण महिन्याभरात सगळ्यांच्या जिभेला वळण लागतं. आणि मामलेदारची मिसळ बैठकीत आणायची नाही. क्लिंगॉनांच्या पानावर तर्रीचा डाग अजून आहे.

सुरुवात कुठून

पाचशे भागांच्या मालिकेपासून करू नका. वही दुसऱ्या आठवड्यात बंद पडेल. जर्मन मालिका 'डार्क' घ्या : तीन सीझन, एकूण २६ भाग, २०१७ ते २०२०. गोष्ट ३३ वर्षांच्या फेऱ्यांत फिरते, १९५३, १९८६, २०१९. एकाच माणसाचं काम दोन-तीन वयांचे नट करतात, त्यामुळे खतावणीला भरपूर काम. मूळ जर्मन आवाज ठेवा आणि खाली सबटायटल. डबिंगमध्ये ओठांशी जुळवायला शब्द बदलतात आणि संवादाची नोंद हुकते. समोर वंशावळीचा एक मोठा कागद ठेवा, दोन चिकटवले तर उत्तम. तो कागद कुठल्यातरी भागानंतर तुम्हाला गोल गुंडाळावासा वाटेल. का, ते सांगत नाही.

घरात चाळिशीपुढचं कुणी असेल, तर 'कॅप्टन व्योम'ही वाईट नाही. १९९८ची दूरदर्शनची मालिका, केतन मेहतांची, मिलिंद सोमण नायक. आठवणीतून आधी लिहून काढा, मग भाग बघा. आमच्या पाच जणांच्या आठवणी पाच निघाल्या आणि भागात सहावंच काहीतरी होतं.

त्या 'आर'चं म्हणाल, तर तिसऱ्या खणातून तो काकांनी काढून घेतला. मुलीने नवीन शंका काढली : दगड कर्कने कोरलेलाच नाही, मिचेलने मनाच्या जोरावर उभा केलाय. मित्राचं पूर्ण नाव मिचेललाच नीट आठवत नसेल तर? जो स्वतःला देव समजायला लागलाय, त्याला नावाचं मधलं अक्षर चुकावं, हे त्या भागाला शोभतंही. पण डोळ्याची नोंद आहे, कानाची नाही; पडद्यावर कुणी तसं म्हणत नाही.

"मग कुठे टाकू, काका?" मी विचारलं.

काकांनी वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं : सस्पेन्स अकाउंट. "न जुळलेल्या नोंदी इथे ठेवायच्या, बँकेत असतंच," म्हणाले. "हिशेब लागला की काढायच्या." आणि कर्कच्या खाली, दुसऱ्या ओळीत, त्यांनी टॉर्पेडोही उतरवले.